नऊ क्रमांकाचे कोंदण : रसायनशास्त्रज्ञ हान्स फिशर



गावठी कोंबडीचे अंडे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याचे कवच तपकिरी असते. पावसाळा संपल्यावर शेतांतून आणि डोंगरांवरून दिसणारा हिरवा रंग पाहायला आपल्याला कुठे लांब जावे लागत नाही. खेळताना गुडघा फुटला की लाल रक्त येते, हेही प्रत्येकाने अनुभवले आहे. तपकिरी, हिरवा आणि लाल हे तीन रंग तीन ठिकाणचे, पण त्यांचे घराणे एकच आहे. हे घराणे कसे आहे, त्यातले कोण कोणाचे, याची वंशावळ ज्या माणसाने आयुष्यभर खपून लावली, त्यांची ओळख या अंकात आम्ही करून देत आहोत. त्यांचे नाव हान्स फिशर. १९३० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले होते.

फिशर हे समुद्राचे अभ्यासक नव्हते. पण त्यांनी ज्या रेणूला क्रमांक दिला, तो रेणू आज समुद्रकिनाऱ्याच्या पाण्यात, डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांच्या जगात सापडतो आणि तिथे मोठे काम करतो. आपण किनाऱ्याजवळ राहणारी माणसे आहोत. म्हणून ही गोष्ट आपल्या जवळची आहे असे आम्हाला वाटते.

रंगाच्या घरात जन्म

हान्स फिशर यांचा जन्म २७ जुलै १८८१ रोजी जर्मनीत, माइन नदीकाठच्या होख्स्ट या गावी झाला. त्यांचे वडील रसायनशास्त्रज्ञ होते आणि कृत्रिम रंग तयार करणाऱ्या कारखान्यात मोठ्या पदावर होते. त्या काळी जर्मनी कृत्रिम रंगांच्या धंद्यात जगात सर्वांत पुढे होता. घरातच रंगाचा आणि रसायनाचा विषय असल्यामुळे मुलाला त्याची गोडी लागली यात नवल नाही.

पण या मुलाने एका विषयावर समाधान मानले नाही. त्याने रसायनशास्त्र आणि वैद्यक हे दोन्ही अभ्यासक्रम घेतले. लोझान आणि मारबुर्ग येथे शिक्षण झाले. १९०४ साली मारबुर्गला रसायनशास्त्रातील डॉक्टरेट मिळाली आणि १९०८ साली म्युनिकला वैद्यकातील. पुढे काही काळ बर्लिनमध्ये एमिल फिशर यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. आडनाव एकच असले तरी दोघांचे नाते नव्हते. एमिल फिशर यांना १९०२ सालीच नोबेल मिळालेले होते, तेव्हा तरुण हान्सला शिकायला उत्तम जागा मिळाली असेच म्हणायला हवे.

म्युनिकला परतल्यावर रुग्णालयातील कामातून त्यांना आपला विषय सापडला. कावीळ झालेल्या माणसाचे डोळे पिवळे दिसतात. तो पिवळेपणा बिलिरुबिन नावाच्या पित्तातील रंगद्रव्याचा असतो. हे रंगद्रव्य येते कुठून? तर रक्तातील लाल रंगाच्या मोडतोडीतून. मग रक्तातील तो लाल रंग तरी नेमका कसा बनलेला असतो? या एका प्रश्नाने त्यांना धरले आणि शेवटपर्यंत सोडले नाही.

प्रकृतीने मात्र त्यांना साथ दिली नाही. तरुणपणीच त्यांना क्षयरोगाने गाठले. त्या काळी क्षयावर आजच्यासारखी औषधे नव्हती. १९१७ साली त्यांचे एक मूत्रपिंड काढावे लागले. तरीही ते डोंगर चढायला आणि बर्फावर स्की करायला जात. १९१६ साली ते इन्सब्रुक येथे वैद्यकीय रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले, १९१८ साली व्हिएन्नाला गेले आणि १९२१ साली म्युनिकच्या तंत्रविद्यापीठात आले. तिथे ते अखेरपर्यंत राहिले.

कोंदण आणि खडा

आता थोडे विज्ञान समजून घेऊ. घाबरण्याचे कारण नाही. आईच्या किंवा आजीच्या अंगठीकडे पाहिले तरी पुरे.

अंगठीत खडा बसवण्यासाठी सोनार आधी कोंदण करतो. कोंदण तयार झाले की त्यात माणिक बसवा, पाचू बसवा, दागिन्याचा रंग त्या खड्यावरून ठरतो. रक्तातील लाल रंगाचेही असेच आहे. पायरोल नावाची एक लहानशी कडी असते. तिच्यात कार्बनचे चार अणू आणि नायट्रोजनचा एक अणू असतो. अशा चार कड्या एकमेकींना जोडून एक मोठे वर्तुळ तयार होते. या वर्तुळांच्या कुटुंबाला पोर्फिरिन म्हणतात. हे झाले कोंदण. त्याच्या मधोमध लोहाचा अणू बसला की हीम तयार होते. हे हीम हिमोग्लोबिन या प्रथिनात असते आणि आपल्या रक्ताला लाल रंग देते. लोहाच्या जागी मॅग्नेशियमचा अणू बसला आणि कोंदणाच्या कडेला थोडी आणखी कारागिरी झाली की हरितद्रव्य, म्हणजे क्लोरोफिल, तयार होते. आपले रक्त आणि झाडाचे पान यांची मूळ घडण इतकी जवळची आहे.

लोह किंवा मॅग्नेशियम बसण्याच्या आधीचे जे रिकामे कोंदण असते, त्याचे नाव प्रोटोपोर्फिरिन. रंगद्रव्य तयार होण्याच्या वाटेवरचा हा मुक्काम आहे. अशा रेणूला रंगद्रव्याचा पूर्वगामी रेणू म्हणतात. सुरुवातीला सांगितलेल्या तपकिरी अंड्याच्या कवचात हेच प्रोटोपोर्फिरिन असते. अंड्याच्या कवचातील रंगाचाही फिशर यांनी अभ्यास केला होता. त्यांनी टुराको नावाच्या आफ्रिकी पक्ष्याच्या लाल पिसांतील रंग तपासला, समुद्रातील शिंपल्यांच्या कवचातील पोर्फिरिन तपासले, आणि ब्रेड फुगवणाऱ्या यीस्टमध्येही पोर्फिरिन बनते हे दाखवले. पक्षी, शिंपला, यीस्ट, झाड, माणूस, जिथे पाहावे तिथे कोंदण करणारे सोनार एकाच पेढीवर शिकलेले निघाले.

क्रमांक नऊ

हे सगळे ओळखायचे कसे, हा खरा प्रश्न होता. रेणू डोळ्यांना दिसत नाही. आजची यंत्रे त्या वेळी नव्हती. रक्तातून रंग वेगळा काढायचा, तो हळूहळू तोडायचा, कोणते तुकडे पडले ते पाहायचे, आणि मग तेच तुकडे स्वतः तयार करून पुन्हा जोडायचे. जोडलेला पदार्थ आणि निसर्गातील पदार्थ एकसारखे निघाले, तरच आपली समजूत बरोबर. घड्याळ उघडून पाहणे सोपे असते, पण तेच घड्याळ सुट्या भागांतून पुन्हा चालते करणे अवघड असते. फिशर यांनी हे दुसरे काम अंगावर घेतले.

चार कड्यांचे वर्तुळ असावे ही कल्पना मुळात फिशर यांची नव्हती. विल्यम क्यूस्टर या रसायनशास्त्रज्ञाने ती १९१२ साली मांडली होती. एवढे मोठे वर्तुळ टिकणार नाही असे तेव्हा बहुतेकांना वाटले. सुरुवातीला फिशर यांनाही ते पटले नव्हते. पण पुढे त्यांच्याच प्रयोगांतून ती कल्पना खरी ठरली, आणि त्यांनी ती स्वीकारली. हुशार माणसाला आपले मत बदलणे पुष्कळदा जड जाते. म्हणून हा प्रसंग मुलांनी मुद्दाम लक्षात ठेवावा.

आता गंमत पाहा. या कोंदणाच्या बाहेरच्या कडेला आठ जागा असतात. प्रोटोपोर्फिरिनमध्ये त्या आठ जागांवर तीन प्रकारचे लहान गट बसतात. एका प्रकारचे चार, दुसऱ्या प्रकारचे दोन आणि तिसऱ्या प्रकारचे दोन. जेवणाच्या पंगतीत आठ पाट मांडले आहेत आणि कोणाला कुठे बसवायचे ते ठरवायचे आहे, असे समजा. रसायनशास्त्राचे नियम पाळून हिशेब केला तर एकूण पंधरा वेगवेगळ्या मांडण्या संभवतात. फिशर यांनी या मांडण्यांची यादी करून त्यांना क्रमांक दिले. निसर्गाने त्यांतली कोणती निवडली आहे हे शोधण्यासाठी त्यांच्या प्रयोगशाळेत एकेक मांडणी तयार करून नैसर्गिक पदार्थाशी ताडून पाहण्याचे काम चालले. जुळला तो यादीतला नववा क्रमांक. म्हणून त्या रेणूला आजही सगळ्या जगात प्रोटोपोर्फिरिन नऊ असेच म्हणतात. नवात दुसरा काही गूढ अर्थ नाही. एका चिकाट माणसाच्या वहीतील यादीचा तो क्रमांक आहे.

१९२९ साली फिशर आणि त्यांचे सहकारी कार्ल त्सायले यांनी प्रयोगशाळेत हेमिन तयार केले. हेमिन म्हणजे रक्तातील हीमचे स्फटिकरूप. रक्ताचा एक थेंबही न वापरता रक्ताचा रंग माणसाच्या हाताने बनवला होता. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळाले. या सगळ्या वर्षांत त्यांच्या प्रयोगशाळेत साठ हजारांहून अधिक सूक्ष्म विश्लेषणे झाली. नोबेलचा फोटो सर्वांना दिसतो, त्यामागची ही साठ हजार वेळा केलेली मोजमापे कोणाला दिसत नाहीत.

या कामाला एक धोकाही होता. पोर्फिरिन प्रकाश शोषून घेतात आणि त्यातून आजूबाजूच्या पेशींना इजा करणारा ऑक्सिजन तयार होतो. फिशर यांच्याबरोबर काम केलेले डॉक्टर मायर-बेट्झ यांनी १९१२ साली असे एक पोर्फिरिन स्वतःलाच टोचून घेतले. उन्हात जाताच त्यांचा चेहरा आणि हात भयंकर सुजले. मुलांनी असले प्रयोग स्वप्नातही करू नयेत. पण पोर्फिरिन आणि ऊन यांचे वैर त्यामुळे जगाला कळले. हा मुद्दा पुढे समुद्राच्या पाण्यात पुन्हा येणार आहे.

हिरव्या रंगाकडे

नोबेल मिळाल्यावर फिशर थांबले नाहीत. त्यांनी हरितद्रव्य हाती घेतले. या विषयाचा पाया म्युनिकमध्येच काम केलेल्या रिचर्ड विल्श्टेटर यांनी घातला होता. त्यांना १९१५ साली नोबेल मिळाले होते. ते ज्यू होते. विद्यापीठातील ज्यूद्वेषाच्या निषेधार्थ त्यांनी १९२४ साली प्राध्यापकपद सोडले आणि हिटलरच्या राजवटीत १९३९ साली त्यांना देश सोडून स्वित्झर्लंडला जावे लागले. ज्या गावात एवढे ज्ञान होते त्याच गावात हेही घडत होते, याची नोंद आम्हाला करावीशी वाटते.

फिशर यांच्या गटाने १९४० च्या सुमाराला हरितद्रव्याची रचना जवळजवळ पूर्ण उलगडली. युद्धाच्या काळातच त्यांनी आपल्या तरुणपणीच्या प्रश्नाचेही उत्तर दिले आणि काविळीतले बिलिरुबिन प्रयोगशाळेत बांधून दाखवले. आता हरितद्रव्य संपूर्णपणे हाताने तयार करणे एवढेच राहिले होते.

त्यांच्या संस्थेतून आणखी एक मोठा शोध लागला. आल्फ्रेड ट्राइब्स हे त्यांचे शिष्य. १९३४ सालापासून त्यांनी खनिज तेलाचे आणि तेल असलेल्या खडकांचे नमुने तपासले, तेव्हा त्यांत पोर्फिरिन सापडले. कोंदण तेच, मात्र लोह किंवा मॅग्नेशियमच्या जागी व्हॅनेडियम नावाचा तिसराच खडा बसलेला. याचा अर्थ खनिज तेल हे एके काळी सजीव होते. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म हिरव्या जीवांचे अवशेष तळाशी गाळात गाडले गेले आणि त्यांचे तेल झाले. जीव गेला, हिरवा रंग गेला, पण कोंदण टिकले. ही गोष्ट स्वतः फिशर यांच्याच प्रयोगशाळेत कळली होती, हे पुढचे वाचताना ध्यानात ठेवावे.

काळोखाचे दिवस

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षांत म्युनिकवर पुन्हा पुन्हा बॉम्बहल्ले झाले. त्यांत फिशर यांची संस्था उद्ध्वस्त झाली. वीस-बावीस वर्षे जमवलेले नमुने, उपकरणे, अर्धवट राहिलेले काम, सगळे ढिगाऱ्यात गेले. वय त्रेसष्ट. अंगात जुना आजार. आपण जे केले ते संपले असे त्यांना वाटले असावे. ३१ मार्च १९४५ रोजी, निराशेत, त्यांनी स्वतःच आपले आयुष्य संपवले. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, ३० एप्रिलला, म्युनिकमधील युद्ध थांबले.

शाळेच्या पत्रिकेत हे लिहावे की नाही, यावर आम्ही विचार केला. मुलांपासून खरे लपवू नये आणि त्यातून शिकण्यासारखे ते सांगावे, असे आम्ही ठरवले. फिशर यांची समजूत चुकीची होती. त्यांचे काम संपलेले नव्हते. पायरोलच्या रसायनशास्त्रावर त्यांनी सहकाऱ्यांसह लिहिलेले जाडजूड ग्रंथ जगभरच्या ग्रंथालयांत होते. त्यांचे विद्यार्थी होते. त्यांचे क्रमांक जगाच्या तोंडी बसले होते. १९६० साली अमेरिकेत हार्वर्डला रॉबर्ट वुडवर्ड यांच्या गटाने हरितद्रव्य तयार केले. त्याच वर्षी म्युनिकच्या त्याच तंत्रविद्यापीठात मार्टिन श्ट्रेल यांच्या गटानेही फिशर यांच्या पायावर ते काम तडीस नेले. ढिगाऱ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला हे दिसणे शक्य नव्हते. निराशा माणसाला पुढचे दिसू देत नाही, हाच तिचा मोठा दोष आहे.

आता वळूया समुद्राकडे

फिशर गेल्यानंतर हे कोंदण सजीवाच्या शरीरात बनते कसे, ते कळले. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड शेमिन यांनी खूण केलेल्या नायट्रोजनचे ग्लायसीन स्वतः तीन दिवस खाल्ले आणि त्यातला नायट्रोजन आपल्या रक्तातील हीममध्ये उतरला हे दाखवले. तांबड्या पेशी सुमारे चार महिने जगतात हेही त्यातून कळले. पुढच्या संशोधनातून सगळी वाट स्पष्ट झाली. एका लहान रेणूच्या आठ प्रती जोडून पायरोलच्या चार कड्या होतात, त्यांचे वर्तुळ होते, त्यावर काही संस्कार होतात आणि शेवटी प्रोटोपोर्फिरिन नऊ तयार होते. तिथून एक वाट लोहाकडे, म्हणजे हीमकडे जाते आणि दुसरी मॅग्नेशियमकडे, म्हणजे हरितद्रव्याकडे. ब जीवनसत्त्वातील बारावा प्रकार, ब-१२, हाही याच घराण्यातला. त्याची वाट मात्र थोडी आधीच फुटते.

आता किनाऱ्यावर उभे राहून ओंजळभर पाणी घ्या. ते स्वच्छ दिसते. पण समुद्राच्या एका चहाच्या चमच्याएवढ्या पाण्यात साधारण पन्नास लाख जीवाणू असतात. त्यांच्यासोबत तरंगणाऱ्या एकपेशीय वनस्पती, म्हणजे वनस्पतिप्लवक, असतात. पृथ्वीवरील प्रकाशसंश्लेषणापैकी जवळजवळ निम्मे समुद्रातील हे सूक्ष्म जीव करतात. आपण घेतो त्या श्वासाशी त्यांचा संबंध आहे, आणि आपल्या ताटातल्या बांगड्याशीही. कारण बांगडा, तारली ही मासळी शेवटी याच प्लवकांवर आणि त्यांना खाणाऱ्या बारीक जीवांवर पोसते. पाण्यात प्लवक किती आहे हे ठरवण्यासाठी अभ्यासक पाण्यातले हरितद्रव्य मोजतात.

या जीवांना श्वसनासाठी हीम लागते आणि प्लवकांना हरितद्रव्यही लागते. दोन्ही कोंदणावर अवलंबून. पण कोंदण करणे स्वस्त नाही. एकामागून एक अनेक पायऱ्या, प्रत्येक पायरीला वेगळे विकर आणि त्या विकरासाठी वेगळे जनुक. म्हणून काही जीवाणूंनी काळाच्या ओघात ही कला सोडून दिली आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की पाण्यात विपुल सापडणाऱ्या काही जीवाणूंना हीम स्वतः तयार करता येत नाही. ते त्यांना बाहेरून घ्यावे लागते. प्रयोगशाळेत हे जीवाणू वाढत का नाहीत याचे एक कारण तेच होते.

बाहेरून म्हणजे कुठून? शेजाऱ्याकडून. प्लवकाची पेशी मरते, एखादा बारीक जीव तिला खातो किंवा विषाणू तिला फोडतो, तेव्हा तिच्या आतले द्रव्य पाण्यात पसरते. त्यात हीम असते, कोंदणेही असतात. समुद्राच्या पाण्यात प्रोटोपोर्फिरिन नऊ अतिसूक्ष्म प्रमाणात विरघळलेले सापडते ते त्यामुळेच. शेजारचे जीवाणू ते वेचतात. प्लवकांच्या सोबतीने राहणारे काही सागरी जीवाणू हीम जसेच्या तसे आत घेतात आणि त्यातले लोह वापरतात, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवले गेले. समुद्रात लोह फार दुर्मीळ असते, म्हणून एका अणूचेही मोल. किनाऱ्याजवळ नद्यांमुळे लोह जरा जास्त मिळते. आपल्या मांडवी आणि जुवारी पावसाळ्यात तांबड्या होऊन समुद्राला मिळतात, तो रंग आपल्या जांभ्या मातीतल्या लोहाचाच.

इथे उन्हाची गोष्ट पुन्हा येते. पोर्फिरिनला ऊन सोसत नाही. पाण्याच्या वरच्या थरात कडक प्रकाशात हे रेणू मोडतात. म्हणजे एकीकडे नवे रेणू पाण्यात येतात आणि दुसरीकडे ऊन ते संपवते. या दोहोंच्या मध्ये जे उरते त्यावर कोणाचे तरी जगणे असते. खाडी, किनारा, उथळ पाणी, जिथे जीव दाटीने राहतात, तिथे ही देवाणघेवाण महत्त्वाची ठरते. शेजारधर्म आपल्याकडेच असतो असे नाही. वाटीभर साखर मागायला शेजारी जाणे ही रीत पाण्यातल्या जीवाणूंमध्येही आहे. फरक इतकाच की ते कोंदण मागतात.

आपल्यासाठी

दोनापावला येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. समुद्राचा अभ्यास करणारी ही नामवंत संस्था आपल्या गोव्यातच आहे. आपल्या शाळेतील एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी पुढे अशा ठिकाणी काम करील, खाडीतल्या पाण्याचा नमुना तपासील आणि अहवालात प्रोटोपोर्फिरिनपुढे नऊ हा आकडा लिहील. त्या वेळी त्याला किंवा तिला हे आठवावे, की हा आकडा एका आजारी, एका मूत्रपिंडावर जगणाऱ्या, साठ हजार मोजमापांचा कंटाळा न करणाऱ्या माणसाच्या यादीतून आला आहे.

पालकांना आणि विश्वस्त मंडळींना एक विनंती. फिशर यांच्याजवळ बुद्धी होती, मान होता, जगातले सर्वांत मोठे पारितोषिक होते. तरीही एका दिवशी त्यांना वाटले की सगळे संपले. आपल्या मुलांना हे दहावीच्या निकालाच्या दिवशी वाटू शकते, स्पर्धेत हरल्यावर वाटू शकते, घरातल्या अडचणीने वाटू शकते. अशा वेळी मूल गप्प बसले तर त्याला रागावू नका, त्याच्याजवळ बसा. आणि मुलांनो, तुम्हाला कधी असे वाटले तर ते मनात ठेवू नका. आई-बाबांना, आजी-आजोबांना, वर्गशिक्षकांना, ज्यांच्याजवळ जीव रमतो अशा कोणालाही सांगा. ढिगाऱ्यासमोर उभे असताना पुढची पंधरा वर्षे दिसत नाहीत, पण ती असतात.

चंद्रावरच्या एका विवराला १९७६ साली फिशर यांचे नाव देण्यात आले. तो मान मोठा आहेच. पण आम्हाला त्याहून जवळचे वाटते ते पाण्यातले स्मारक. त्याला दगड नाही, पाटी नाही. संध्याकाळी मिरामारच्या किंवा कोलव्याच्या किनाऱ्यावर पाय भिजवताना ते आपल्या पायांना स्पर्श करून जाते, आणि त्याचा क्रमांक नऊ आहे.

या थोर शास्त्रज्ञाच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.